गिऱ्हाइकाच्या खिशातले

माणूस समोर आला की बाबेट एकर्लाइन आधी त्याचे खांदे पाहत. कोणाचा उजवा खांदा उतरला आहे, कोण पोट आत ओढून उभा राहतो, कोणाची पाठ गेल्या वर्षापेक्षा वाकली आहे, हे त्यांना त्याचे नाव आठवण्याआधी दिसायचे. मी हासेलब्रुकच्या शाळेत शिकवायला आले तेव्हा त्यांच्या शिवणाच्या दुकानावरची खोली भाड्याने घेतली. पहिल्याच दिवशी जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "बाई, वह्यांची पिशवी डाव्या हातात धरत जा. उजवीकडे झुकायला लागला आहात."

दुकानाच्या पाटीवर अजून त्यांच्या नवऱ्याचे, कोनराडचे नाव होते. ते अडतीस साली गेले. आमच्या भागात नियम असा, की शिकलेला कारागीर दुकानात असेल तोवरच विधवेला नवऱ्याची पाटी ठेवता येते. तो कारागीर म्हणजे पांक्राझ हुमेल. साठी ओलांडलेला, सडपातळ, जिभेचा तिखट. कोट मालकांनी करायचा आणि विजार पांक्राझने, अशी त्या दुकानाची जुनी वाटणी होती. कोनराड गेल्यावर कोट बाबेटकडे आला. विजार पांक्राझकडेच राहिली, निदान गावाला तसे वाटत होते.

दुकानाचा आणखी एक नियम होता. कपडा हातात घेण्यापूर्वी गिऱ्हाइकाच्या देखत सगळे खिसे रिकामे करायचे. जे निघेल ते पांढऱ्या चिनी मातीच्या बशीत ठेवायचे, आणि कपडा परत देताना जी वस्तू ज्या खिशातली ती त्याच खिशात. "खिशातलं ज्याचं त्याला," असे बाबेट म्हणत. त्यात त्यांनी कधी चूक केलेली मी पाहिली नाही. एकदा पाद्रीबाबांच्या खिशातून त्यांनी अर्धे खाल्लेले सॉसेज काढले आणि कोट इस्त्री करून झाल्यावर तेही परत ठेवले.

त्यांच्या मापाच्या वहीत अर्धे गाव होते, आणि त्यात ओटमार शेलहॉर्नही होता. हा वनाधिकाऱ्याचा मुलगा, टेकडीवरच्या घरातला. चौदाव्या वर्षी चर्चमध्ये दीक्षा घेताना त्याने घातलेला पहिला काळा सूट कोनराडने शिवला होता, आणि नव्यानेच लग्न होऊन आलेल्या बाबेटने त्याची काजे केली होती. पुढे तो सैन्यात गेला तरी शिंपी बदलला नाही. त्यामुळे त्याचे सगळे युद्ध त्या वहीत होते. छत्तीस साली मेजर, छाती एकशे दोन. चाळीसच्या उन्हाळ्यात फ्रान्सहून कर्नल होऊन आला तेव्हा कमरेत चार सेंटिमीटर वाढलेला. बेचाळीसच्या फेब्रुवारीत रशियाहून जनरल होऊन आला, विजारीला जनरलची लाल पट्टी लावून घ्यायला. त्रेचाळीसमध्ये कमर आठ सेंटिमीटरने उतरली. चव्वेचाळीसमध्ये बाबेटने आकड्यापुढे लिहिले आहे, "डावा खांदा खाली." पेपरात तेव्हा त्याची डिव्हिजन ठरल्याप्रमाणे मागे सरत होती.

बेचाळीसच्या त्या फेब्रुवारीच्या खेपेला त्याने एक बायकी फरकोटही आणला होता. त्याची कॉलर काढून आपल्या ओव्हरकोटाला लावायला सांगितली. बाबेटने नियमाप्रमाणे खिसे रिकामे केले. बशीत सूर्यफुलाच्या बियांची टरफले पडली. आतल्या खिशात कापडाची लहान पट्टी शिवलेली होती, तिच्यावर परक्या लिपीत दोन ओळी.

"टाकून द्या," तो म्हणाला.

"कोणाचं आहे?"

"तिकडचं. आता कोणाचं नाही."

बाबेटने कॉलर लावून दिली. टरफले आणि ती पट्टी मात्र एका जुन्या गुंड्यांच्या डबीत ठेवली. आम्ही कोणी पुढे काही विचारले नाही. विचारायला हवे होते, असे आज मी शांतपणे म्हणू शकते. तेव्हा मी जिन्याने वर निघून गेले.

विजारीबद्दलची गोष्ट अशी. आमच्या भागातली बरीच मुले शेलहॉर्नच्या रेजिमेंटमध्ये होती. पांक्राझचा एकुलता एक लेओही. एक्केचाळीसच्या डिसेंबरात पत्र आले: शूरपणे, तत्क्षणी, वेदना न होता. खाली कर्नल शेलहॉर्न यांची सही. पांक्राझने ते वाचले, घडी घातली आणि अर्धवट राहिलेली विजार हातात घेतली. त्याला सुईत दोरा ओवता येईना. हात कापत होते. ते पुढे थांबलेच नाहीत. हे बाहेर कळते तर त्याला निकामी ठरवून दारूगोळ्याच्या कारखान्यात झाडू मारायला पाठवले असते आणि दुकानाची पाटी उतरली असती. म्हणून पांक्राझ खिडकीत मांडी घालून बसायचा, रिकामी सुई वरखाली करायचा, येणाऱ्याजाणाऱ्याला टोमणे मारायचा, आणि विजारी मागच्या खोलीत बाबेट शिवायच्या. जनरलची लाल पट्टीसुद्धा त्यांच्याच हातची. हे तिघांना ठाऊक होते: त्या दोघांना आणि मला.

पंचेचाळीसच्या एप्रिलमध्ये अमेरिकन आमच्यापासून दोन दिवसांवर आले. नदीचा हा पट्टा राखायला कोणाला नेमले, तर शेलहॉर्नलाच. डिव्हिजनमधली उरलीसुरली चारशे माणसे घेऊन तो आला आणि टेकडीवरच्या आपल्या वडिलांच्या घरात मुक्काम केला. पुलावर ओंडक्यांचा अडसर उभा राहिला आणि गावातल्या म्हाताऱ्यांच्या हातात बंदुका आल्या. पांढरे फडके लावणाऱ्याला फाशी, असे कागद भिंतींवर चिकटवले गेले.

त्या गुरुवारी सकाळी साडेसातला पांक्राझ करवत घेऊन पुलावर गेला आणि सगळ्यांच्या देखत अडसराचे दोन ओंडके कापून नदीत ढकलले. कोणी तरी म्हणाले, "अरे पांक्राझ, मरशील." तो म्हणाला, "हा अडसर म्हणजे ओव्हरकोटाला एकच गुंडी. रणगाडा अडायचा नाही, पण त्या गुंडीपायी गावावर तोफा मात्र पडतील."

सैन्याबरोबर एक फिरते न्यायालय होते. त्याचा प्रमुख कॅप्टन व्हील्के. चष्मा, स्वच्छ नखे, काखेत कायद्याचे पुस्तक. दहा वाजता खानावळीच्या टेबलावर पांक्राझचा खटला चालला आणि दहा वाजून दहा मिनिटांनी संपला. संध्याकाळी पाचला पुलाजवळच्या लिंडनच्या झाडाला फाशी, तोवर जनरलच्या घराच्या तळघरात कैद. फक्त निकालावर जनरलची सही हवी होती, कारण कलमात तसे होते.

बाबेट एप्रन काढून टेकडीवर जायला निघाल्याच होत्या. हाता-पाया पडणार होत्या, तेवढेच त्यांना सुचत होते. तोच दारात जनरलचा ऑर्डर्ली उभा राहिला. "शिवणाचं सगळं सामान घेऊन ताबडतोब चला. साहेबांनी बोलावलंय."

बाबेट क्षणभर थांबल्या. मग पुन्हा एप्रन बांधला. कोळशाची इस्त्री त्यांना उचलवेना, म्हणून मला बरोबर घेतले. शाळेत निर्वासित राहत होते, मला काम नव्हते. चढावर त्या एवढेच म्हणाल्या, "बाई, तिथं मी काही खोटं बोलले तर तुम्ही खिडकीबाहेर बघा. तुमचा चेहरा म्हणजे फळा आहे. मागच्या बाकावरूनही वाचता येतो."

जनरल जेवणाच्या खोलीत होता. भिंतीवर वडिलांनी मारलेल्या हरणांची शिंगे, टेबलावर नकाशे आणि टेलिफोन. ऑर्डर्लीला बाहेर ठेवून त्याने दार आतून लावले. मी त्याला वर्षाने पाहत होते. डावा खांदा आणखी उतरला होता.

"एकर्लाइनबाई, हा वडिलांचा कोट." खुर्चीवर वनखात्याचा हिरवा लोकरी कोट होता. "मला ढगळ होतो, बाह्या आखूड पडतात. तो मला बसला पाहिजे. त्यांच्या विजारी कसरीनं खाल्ल्यात. म्हणून माझ्या या विजारीच्या पट्ट्या काढायच्या. माझं बाकीचं सामान ट्रकबरोबर जळालं, दुसरी विजार नाही."

"कधीपर्यंत?"

"आजच. आणि इथं काय शिवलं ते बाहेर गेलं, तर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे, साहेब. पुलाजवळ सकाळपासून दोरी लटकतेय."

 बाबेटने पिशवीतून पांढरी बशी काढली आणि त्याच्यासमोर धरली. इतक्या वर्षांच्या सवयीने त्याने स्वतःच खिसे रिकामे केले. घड्याळ. कंगवा. गोळ्यांची डबी. पेन्सिल. गणवेशाच्या कोटाच्या वरच्या खिशातून चौघडी केलेला कागद. तो बशीत पडला तेव्हा वरच्या घडीवरची टाइप केलेली ओळ आम्हा दोघींना दिसली: हुमेल, पांक्राझ, शिंपी.

जनरल कपाटाच्या आड गेला, विजार काढून दिली आणि कमरेला घोंगडी गुंडाळून बाहेर आला. बाबेटने विजार उजेडात नेली. ब्लेडने लाल पट्टीचे बोटभर टाके उसवले आणि त्याला जवळ बोलावले.

"हे बघा. तीन वर्षं ऊन, पाऊस, धुणं. सगळी विजार विटलीय. पट्टीखालचं कापड मात्र नवंच्या नवं. पट्टी काढली की कमरेपासून घोट्यापर्यंत काळी रेघ राहील. शंभर पावलांवरून कोणीही ओळखेल की इथं जनरल होता."

तो त्या रेघेकडे पाहत राहिला. "मग?"

"कापड उलटवायचं. सगळं उसवायचं, आतली बाजू बाहेर घ्यायची, पुन्हा शिवायचं. आजकाल अख्खं गाव उलटवलेलेच कपडे घालतं."

"किती वेळ लागेल?"

"पांक्राझ असेल तर पाचपर्यंत होईल."

मी खिडकीबाहेर पाहिले. विजार उलटवायला दीड दिवस लागतो.

"तुम्ही करा," तो म्हणाला.

"मी कोट करते, साहेब. विजार पांक्राझची. पस्तीस वर्षं हीच वाटणी आहे. तुमची प्रत्येक विजार त्याच्याच हातची."

"तो कुठं आहे ठाऊक आहे ना?"

"तुमच्या तळघरात," बाबेट म्हणाल्या. "आणि त्या बशीत."

बाहेर अंगणात कोणी तरी लाकडे फोडत होते. 

"तुम्ही मला अट घालताय?"

"नाही साहेब. काम कसं होतं ते सांगतेय."

जनरल दाराशी गेला आणि दार बोटभर उघडून ऑर्डर्लीला म्हणाला, "तळघरातल्या कैद्याला वर आण. गणवेशाच्या कामासाठी."

पांक्राझला आणले. मनगटांवर दोरीचे वळ, ओठ फुटलेला. त्याने घोंगडी नेसलेल्या जनरलकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, मग बाबेटकडे. "मालकीणबाई, माझं माप घ्यायला आलात का? सकाळी सुतार घेऊन गेला. आखूड धरलंय मेल्यानं, पाय दुमडावे लागतील."

"विजार उलटवायची आहे, पांक्राझ. पाचपर्यंत. विजारीचं काम तुमचं ना."

तो एक क्षण थांबला. त्या क्षणात मी बाहेरच्या झाडाच्या फांद्या मोजल्या.

"माझंच," तो म्हणाला. "दुसरं येतंय काय मला."

तो जनरलकडे पाठ करून टेबलावर मांडी घालून बसला. उसवणे कापऱ्या हातांनाही जमते, आणि ते त्याने झरझर केले. बाबेट त्याला खेटून बसल्या, वडिलांचा कोट मांडीवर पसरून. बाहीचा पदर सैल करून झाला की सुईत दोरा ओवून त्या ती उशीत खोचत, जणू त्याच्यासाठीच. मग कोटाच्या आडोशाला विजारीची शिवण हळूच आपल्याकडे ओढून घेत. पांक्राझ कोपर वरखाली करत राही. मी इस्त्री फिरवत होते आणि लागत होती त्याहून जास्त वाफ काढत होते.

"टाके बारीक घाला हो, पांक्राझ," बाबेट मध्येच म्हणाल्या.

"मालकीणबाई, पस्तीस वर्षं तुम्ही हेच सांगताय. मेल्यावर तरी मोठे घालू द्या."

टेलिफोन वाजत होता. शेजारच्या गावाने पांढरी फडकी लावली होती. रणगाडे वीटभट्टीपर्यंत आले होते. जनरल घोंगडी एका हाताने सावरत दुसऱ्या हाताने रिसीव्हर धरून सांगत होता, "हासेलब्रुकचा पूल शेवटच्या माणसापर्यंत राखायचा. हो. शेवटच्या." मग तो कोट अंगावर चढवून बघायला येई, बाबेट टाचण्या लावत, आणि टाचण्या असेपर्यंत तो लहान मुलासारखा हात लांब धरून उभा राही.

तीन वाजता दार वाजले. "जनरलसाहेब, कॅप्टन व्हील्के. त्या निकालावर सही हवी होती."

"वाचतोय."

"जी."

साडेचारला पुन्हा. "साहेब, दोरी तयार आहे. कैदी तळघरात नाही, असं पहारेकरी म्हणतो."

"तो माझ्या गणवेशाचं काम करतोय."

"आत येऊ का?"

जनरलच्या अंगावर बापाचा हिरवा कोट होता, खाली घोंगडी होती, आणि टेबलावर लांबलचक लाल पट्टी पडली होती. "नाही," तो म्हणाला.

 मग व्हील्केचा आवाज, हळू आणि नेमका. "कलमाप्रमाणे सही अंमलबजावणीपूर्वी व्हायला हवी, साहेब. अर्धा तास राहिला. कागद दाराखालून सरकवला तरी चालेल."

पावले दूर गेली नाहीत. तो तिथेच उभा होता.

जनरलने बशीतला कागद उचलून उलगडला. पेन्सिल उचलली. मला त्याचा हिशेब स्पष्ट दिसत होता: सही करून कागद दाराखालून सरकवला की व्हील्के जाईल, दार मोकळे होईल, विजार होतच आली असेल. तो टेबलापाशी आला. "किती राहिलं?"

 तो पांक्राझच्या खांद्यावरून वाकला आणि त्याच्या हाताकडे पाहत राहिला. सुई वर गेली, खाली आली.

"सुईत दोरा नाही," जनरल म्हणाला.

बाबेटचे हात कोटाखाली थांबले. माझ्या इस्त्रीखालून करपल्याचा वास यायला लागला आणि मी ती उचलली. पांक्राझने सुई उशीत खोचली आणि दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले. ते थरथरत होते, झाडावर राहिलेल्या पानासारखे.

"हात कापतात, साहेब. विजारी मालकीणबाई शिवतात."

"केव्हापासून?"

"एक्केचाळीसच्या डिसेंबरपासून. पत्र आलं त्या दिवसापासून."

"कसलं पत्र?"

"लेओ हुमेल. तुमच्याच रेजिमेंटमध्ये होता." पांक्राझच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हते. "सही तुमची होती. छान सही आहे, साहेब. ठसठशीत."

जनरल हातात पेन्सिल आणि कागद घेऊन उभा राहिला. त्याला लेओ आठवला की नाही, मला सांगता येणार नाही. त्या हिवाळ्यात अशा किती सह्या त्याने केल्या असतील. दाराबाहेर व्हील्के हलकेच खाकरला.

तेवढ्यात वीटभट्टीच्या बाजूने पहिला गोळा पडला. शिंगे भिंतीवर खडखडली. टेलिफोन वाजायला लागला आणि या वेळी त्याने तो उचलला नाही. बाहेर व्हील्केची पावले अंगणाकडे धावली.

जनरलने कागद आणि पेन्सिल बशीत ठेवली. "विजार द्या."

"एकच पाय झालाय," बाबेट म्हणाल्या.

"तसाच द्या."

त्यांनी दुसऱ्या पायाची शिवण मोठ्या टाक्यांनी कशीबशी जोडली. त्याने कपाटाआड जाऊन विजार चढवली. बाहेर आला तेव्हा उजवा पाय गडद, नव्यासारखा, आणि डावा विटका, त्यावर वरपासून खालपर्यंत काळी रेघ. वरून बापाचा हिरवा कोट. पांक्राझच्या ओठांवर काही तरी आले होते, पण त्याने ते गिळले.

मग बाबेटने बशी हातात घेतली आणि नेहमीसारखे एकेक परत दिले. घड्याळ, आतल्या खिशात. कंगवा, डावीकडे. गोळ्यांची डबी, उजवीकडे. पेन्सिल. बशीत कागद उरला. त्यांचा हात थांबला. त्याने बशीकडे पाहिले. बाबेटने त्याच्या खांद्यांकडे पाहिले. असा किती वेळ गेला, मला माहीत नाही. दुसरा गोळा अजून पडायचा होता, एवढे आठवते. शेवटी तो वळला आणि स्वयंपाकघराच्या दाराने मागच्या जंगलात निघून गेला. पाऊलवाटा त्याला लहानपणापासून पाठ होत्या.

"पळा," मी पांक्राझला म्हटले.

"अंगणभर शिपाई आहेत, बाई. म्हाताऱ्याच्या पाठीत गोळी घालायला त्यांना सही लागत नाही."

पाचला तीन मिनिटे असताना व्हील्के आत आला. नकाशे, लाल पट्ट्या, टेबलावर बसलेला कैदी.

"जनरलसाहेब कुठं आहेत?"

"माप झालं, गेले," बाबेट म्हणाल्या.

त्याने लाल पट्टी उचलून पाहिली आणि ठेवली. त्याला सगळे समजले होते. "निकालाचा कागद?"

बाबेटने बशी पुढे केली. मला वाटले, कागद इस्त्रीच्या कोळशात टाकायला हवा होता. व्हील्केने तो उलगडला, खालच्या रेघेकडे पाहिले, उलटून मागची बाजू पाहिली, पुन्हा पुढची.

"सही नाही," तो म्हणाला.

गणित शेवटपर्यंत बरोबर सोडवून उत्तर चुकलेला मुलगा असाच आवाज काढतो. त्या आठवड्यात नदीकाठच्या गावांत या माणसाने अकरा जणांना झाडाला टांगले होते, हे आम्हाला नंतर कळले. अकराही कागदांवर सही होती. आता दोरी होती, झाड होते, माणूस समोर बसला होता, शिपाई बाहेर होते. त्याने चष्मा पुसला. कागद पुन्हा चार घड्या करून बशीत ठेवला, पुस्तक काखेत मारले आणि मोटारीकडे गेला. मोटार पूर्वेच्या रस्त्याने गेल्याचा आवाज विरेपर्यंत आम्ही तिघे जागचे हललो नाही.

मग पांक्राझ म्हणाला, "मालकीणबाई, हा टाका मोठा पडलाय तुमचा," आणि त्याला रडू कोसळले.

दुसऱ्या दिवशी अमेरिकन पुलावरून आले. उरलेली गुंडी त्यांनी बाजूला सारली. गावातले एकही छप्पर पडले नाही. चौथ्या दिवशी पंधरा मैलांवरच्या एका गिरणीपाशी त्यांनी एक वनरक्षक पकडला. त्याच्या विजारीच्या दोन पायांकडे पाहून चौकीवरचे शिपाई आधी हसले, आणि मग हसायचे थांबले.

अठ्ठेचाळीसच्या वसंतात शेलहॉर्न कैदेतून सुटून आला. नव्या न्यायालयापुढे प्रत्येकाला आपल्या त्या वर्षांचा जबाब द्यावा लागत होता, आणि त्याची तारीख लागली होती. तो दुकानात आला आणि टोपी हातात घेऊन उभा राहिला. बाबेटने त्याचे खांदे पाहिले. दोन्ही सारखे उतरले होते.

"एकर्लाइनबाई, तो कागद आहे का तुमच्याकडे?"

"आहे."

"त्यावर मी सही केली नव्हती. ते न्यायालयाला दिसलं तर माझं..." 

पांक्राझ खिडकीतून म्हणाला, "द्या की, मालकीणबाई. सही केली नाही हे खरंच आहे."

"मी स्वतः घेऊन येईन," बाबेट म्हणाल्या. "खिशातलं ज्याचं त्याला."

सुनावणीच्या दिवशी त्या आपला काळा कोट घालून गेल्या. मी बरोबर होते. न्यायाधीशांनी पांक्राझला विचारले, "जनरलनी तुमचा जीव वाचवला, असं म्हणता येईल?"

"माझा जीव त्यांच्या विजारीनं वाचवला, साहेब," पांक्राझ म्हणाला. "पण विजारीत ते होते, तेही लिहून घ्या."

लोक हसले. मग बाबेटला बोलावले. त्यांनी टेबलावर पांढरी बशी ठेवली, तीच. आधी चौघडीचा कागद. न्यायाधीशांनी तो वाचला, सही नसल्याची नोंद करून घेतली. शेलहॉर्नने श्वास सोडलेला मला दिसला. तेव्हा बाबेटने गुंड्यांची डबी उघडली आणि बशीत सूर्यफुलाच्या बियांची टरफले ओतली, आणि त्यांवर ती कापडी पट्टी ठेवली.

"हे काय?"

"हेही यांनी आणलेल्या कपड्याच्या खिशातलं. बेचाळीसचा फेब्रुवारी. बाईचा फरकोट होता, कॉलर यांच्या ओव्हरकोटाला लावली. कोटवालीचं नाव या पट्टीवर असेल. आम्हीही गिऱ्हाइकाचं नाव असंच आत शिवतो. हे मला ज्याचं त्याला देता आलं नाही. यांना विचारा, कोणाला द्यायचं."

शेलहॉर्न बशीकडे पाहत होता. न्यायाधीशांनी विचारले. तो म्हणाला, "मला आठवत नाही."

दोन्ही गोष्टी कागदावर आल्या. निकालात त्याला थोडी शिक्षा झाली, फार नाही. पट्टी तपासाला उपयोगाची नाही असे म्हणून कारकुनाने ती परत दिली.

रशियात कैदेत राहून आलेल्या आमच्या शाळेच्या शिपायाने ती आम्हाला वाचून दाखवली. एका बाईचे नाव, आणि खाली शिंप्याचे नाव व गाव. बाबेटने ते दोनदा म्हणवून घेतले. मग मापाची वही उघडून कोऱ्या पानावर ते नाव लिहिले. पुढे छाती, कंबर, बाही असे रकाने आखले. कॉलर उसवताना त्या कोटाची बाही त्यांनी पाहिली होती, तेवढा एकच आकडा त्यांना ठाऊक होता. तो त्यांनी भरला, आणि वही मिटून पांक्राझसाठी सुईत दोरा ओवायला घेतला.